फिजीची फौज आणि शांतिसेना : ९ लाखांच्या देशाचा हिशेब

दूरचा_किनारा

शांतिसेना म्हटलं की आपल्याकडे भारत, नेपाळ, बांगलादेश ही नावं निघतात. नुसती डोकी मोजली तर बरोबरच आहे. पण तीच डोकी लोकसंख्येच्या मानाने मोजायला घेतली की फिजी एकदम वर सरकतो. वस्ती साधारण ९ लाख, म्हणजे आपलं सोलापूर शहर. खडी फौज साडेतीन-चार हजारांची. शेजारी शत्रू नाही, चारी बाजूंना पॅसिफिक. तरीही १९७८ पासून फिजीचे सैनिक पश्चिम आशियात कुठे ना कुठे उभे आहेतच.

ढोबळ पट असा. जून १९७८ मध्ये त्यांची बटालियन दक्षिण लेबनॉनमध्ये युनिफिलला (संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या शांतिदलाला) गेली आणि २००२ पर्यंत राहिली. १९८२ पासून सिनाई, ते अजून चालू. २००३ मध्ये बगदादच्या कॅनाल हॉटेलवर बॉम्बहल्ला होऊन संयुक्त राष्ट्रांचे दूत सर्जिओ व्हिएरा दे मेलोंसह २२ माणसं गेली. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या इराकमधल्या कचेरीला पहारेकरी हवे होते आणि फारसं कोणी तयार नव्हतं. २००४ मध्ये फिजी गेला. २०१३ पासून गोलान (सीरिया आणि इस्राएल यांच्यामधलं पठार). मधल्या काळात ऱ्होडेशियात १९७९-८० चं राष्ट्रकुल निरीक्षण दल, १९९९ नंतर पूर्व तिमोर, २००३ मध्ये सॉलोमन बेटं.

१९८० च्या दशकात लेबनॉन आणि सिनाई मिळून हजारावर माणूस एका वेळी देशाबाहेर होता, आणि देश होता जेमतेम ७ लाखांचा. दर सातशे माणसांमागे एक सैनिक परदेशी. १९८१ च्या भारताने याच मापाने माणसं पाठवली असती तर आकडा पावणेदहा लाखांवर गेला असता!

धागा काढण्याचं कारण असं की फिजीचं नाव निघालं की चर्चा दोनच वाटांनी जाते : 'काय शूर लोक' किंवा 'भाड्याची फौज'. दोन्ही फार स्वस्तातली मतं आहेत. यंत्रणा चालते कशी, पैसा कुठून येतो, गाडी कुठे अडते, हे माहीतगारांनी लिहावं.

हिशेबनीस

'भाड्याची फौज'पासूनच सुरुवात करतो, कारण भाडं किती ते कोणी सांगतच नाही.

दर सैनिकामागे दरमहा एक ठरीव रक्कम संयुक्त राष्ट्रं त्या देशाच्या *सरकारला* देतात. दर महासभा ठरवते आणि तो सगळ्या देशांना सारखाच असतो, मग सैनिक नॉर्वेचा असो की नेपाळचा. मूळ दर २००२ पासून १,०२८ डॉलरवर गोठलेला होता. जुलै २०१४ मध्ये १,३३२ झाला, २०१८ मध्ये १,४२८, २०२२ मध्ये १,४४८.

१५० जणांची तुकडी धरू. १५० × १,४४८ = २,१७,२०० डॉलर महिन्याला, वर्षाला २६ लाख ६ हजार ४००. कागदावर बरे दिसतात. आता वजाबाकी. पगार, परदेशभत्ता, पेन्शनचा भार, गणवेश, जाण्याआधीचं प्रशिक्षण, परतल्यावरची वैद्यकीय तपासणी, सगळं यातूनच. सैनिकाच्या हातात संयुक्त राष्ट्रांकडून थेट पडतो तो रोजचा भत्ता : १ डॉलर २८ सेंट. हो, दिवसाला. रजेच्या ठरावीक दिवसांचे वेगळे साडेदहा डॉलर रोज. बाकी पगार मायदेशाचा.

म्हणून ज्या देशात शिपायाचा पगार कमी, तिथल्या सरकारला काही उरतं. आयर्लंडसारख्याला पदरचे घालावे लागतात. फिजी मध्ये लोंबकळतो. डोक्यामागे थोडं उरतं, पण ते पुढे कुठे गळतं हे यंत्रसामग्रीवाल्यांनी सांगावं.

शिवाय एक माणूस गोलानवर उभा असेल तर त्याच्यामागे आणखी दोन धरावे लागतात. एक पुढच्या फेरीच्या तयारीत, एक नुकता परतलेला, रजेवर किंवा पुन्हा मूळ पलटणीत रुळणारा. भरपाई फक्त पहिल्याची मिळते.

टापटीप

माहिती छान. एक शंका. जेवणखाण, तंबू, गाड्या हे संयुक्त राष्ट्रंच देत असतील ना? की घरून न्यायचं?

पांढरा_ट्रक

@टापटीप, अर्धं अर्धं. आणि ते 'अर्धं' नेमकं कुठे कापायचं यावरच सगळी घासाघीस होते.

तुकडी जाण्याआधी देश आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात सामंजस्य करार होतो. त्याला तीन मुख्य परिशिष्टं : अ मध्ये माणसं, ब मध्ये मोठी सामग्री (चिलखती गाड्या, ट्रक, जनरेटर, पाण्याचे टँकर), क मध्ये 'स्वतःचं स्वतः भागवणं', म्हणजे स्वयंपाकघर, धुलाई, तंबू, अंथरूण-पांघरूण, संपर्कयंत्रणा, दुर्बिणी आणि रात्रीच्या दुर्बिणी, वाळूच्या पोत्यांसारखं संरक्षणसाहित्य, पहिल्या पायरीचा दवाखाना वगैरे. क मधल्या प्रत्येक बाबीला डोक्यामागे महिना असा दर आहे.

जेवणाचं उदाहरण घ्या. शिधा, पाणी, इंधन घाऊक स्वरूपात संयुक्त राष्ट्रं देतात. पण चूल, भांडी, शीतपेटी आणि आचारी तुमचा. तुम्ही 'स्वयंपाक' हा रकाना भरला असेल आणि तपासणीच्या दिवशी शीतपेटी बंद सापडली, तर त्या रकान्याचे पैसे कापले जातात. तंबूंचा नियम मात्र देशाच्या बाजूने आहे. सहा महिन्यांत पक्का निवारा देणं हे संयुक्त राष्ट्रांचं काम. नाही दिला, तर त्यानंतर तंबू आणि निवारा या दोन्ही बाबींचे पैसे द्यावे लागतात.

मोठी सामग्री दोन पद्धतींनी भाड्याने जाते. 'वेट लीज'मध्ये गाडी तुमची, दुरुस्ती आणि सुटे भागही तुमचे, म्हणून दर जास्त. 'ड्राय लीज'मध्ये गाडी तुमची, देखभाल संयुक्त राष्ट्रांची किंवा दुसऱ्या देशाची, दर कमी. छोटा देश लोभाने वेट लीज घेतो आणि तिथेच फसतो.

कारण सुटा भाग. फिजीची राजधानी सुवा ते लेबनॉन-सीरिया सरळ रेषेतच १५ हजार किलोमीटरहून जास्त आहे. दराच्या नियमात अंतराची भरपाई आहे : पहिले ८०० किमी सोडून पुढच्या प्रत्येक पूर्ण ८०० किमीला देखभालदरात पाव टक्का वाढ. सरळ रेषेने धरलं तर १८ टप्पे, म्हणजे साडेचार टक्के. जहाजाचा मार्ग लांबचा, म्हणून थोडं वर. बरं, हे टक्के गाडीच्या भाड्यावर नाहीत, फक्त देखभालीच्या दरावर. एक गिअरबॉक्स विमानाने मागवला की वर्षभराचा हा दिलासा संपला.

आणि गाडी बंद म्हणजे नुसतं गाडीचं भाडं बंद, असंही आता राहिलेलं नाही. २०१३ च्या महासभेच्या ठरावानंतर करारातली मोठी सामग्री आलीच नाही किंवा चालत नसली, तर त्या प्रमाणात *माणसांच्या* भरपाईतूनही कापतात. हिशेबनीस म्हणतात ती गळती हीच.

खडूफळा

तपासण्यांबद्दल थोडी भर. तुकडी पोचल्यावर महिन्याच्या आत आगमन-तपासणी पूर्ण व्हावी लागते. मग दर तिमाहीची पडताळणी, मधूनमधून सज्जतेची तपासणी आणि शेवटी परतताना. नव्या देशांची पहिल्या तपासणीत हमखास होणारी चूक म्हणजे करारात लिहिलेला आणि जहाजातून उतरलेला माल जुळत नाही. करारात '२० केव्हीए जनरेटर' असतो, उतरतो १५ चा. दर क्षमतेच्या गटाप्रमाणे ठरलेले असल्याने पैसे खालच्या गटाचे मिळतात. दुसरी चूक जोडजनरेटरची. तळाची वीज एकाच यंत्रावर चालत असेल तर ते बिघडल्यावर शीतपेटी, दवाखाना, रेडिओ सगळे रकाने एकदम पडतात.

गाडीला पांढरा रंग देण्याचा आणि परतताना पुन्हा मूळ रंग देण्याचा खर्च मिळतो. या मागणीची पावती लोक विसरतात. :)

मळवाट

दूरचा_किनारा यांनी सिनाई सहज लिहून टाकलं. पण ते संयुक्त राष्ट्रांचं नाहीच, हे ठळक सांगायला हवं. तिथे फिजीचे सैनिक निळी टोपी घालत नाहीत.

१९७९ च्या इजिप्त-इस्राएल तहानंतर सिनाईत देखरेखीला संयुक्त राष्ट्रांचं दल हवं होतं, पण सुरक्षा परिषदेत ते जमेना. म्हणून ऑगस्ट १९८१ च्या वेगळ्या करारातून बहुराष्ट्रीय दल उभं राहिलं, तेच एमएफओ. काम सुरू झालं २५ एप्रिल १९८२ ला. मुख्यालय रोममध्ये, टोपी विटकरी-नारिंगी. खर्च इजिप्त, इस्राएल आणि अमेरिका एक-एक तृतीयांश उचलतात, वर जपानसारखे काही देणगीदार देश. फिजी पहिल्या दिवसापासून आहे. तिथे तीन पायदळ बटालियन ठरलेल्या : फिजी, कोलंबिया, अमेरिका.

हा फरक नुसता टोपीचा नाही. निळ्या टोपीचे पैसे १९३ देशांच्या वर्गणीतून येतात आणि वर्गणी थकली की सगळे लटकतात. एमएफओची बिलं तीन बड्या घरांत वाटलेली आहेत. लहान देशाच्या अर्थखात्याला दुसरं गिऱ्हाईक बरं वाटणारच.

कामाचं स्वरूप : सिनाईचे अ, ब, क असे पट्टे आणि सरहद्दीपलीकडे इस्राएलमध्ये ड. क पट्टा इस्राएलच्या सीमेला लागून. तहाप्रमाणे तिथे फक्त इजिप्तचे नागरी पोलीस आणि एमएफओ. फिजीकडे या पट्ट्याचा उत्तर भाग. नाकी, निरीक्षणचौक्या, गस्त. करारापेक्षा जास्त रणगाडा किंवा शिपाई कोणी आणला का, हे बघायचं आणि कळवायचं. अडवायचं नाही, पकडायचं नाही.

हे काम तीस वर्षं कंटाळवाणं होतं. २०११ नंतर उत्तर सिनाईत दहशतवादी गट आले आणि रस्त्यावर पेरलेले स्फोट सुरू झाले. सप्टेंबर २०१५ मध्ये अशाच स्फोटांत चार अमेरिकन आणि दोन फिजीचे सैनिक जखमी झाले. पुढच्या वर्षी दलाचं मुख्यालय उत्तरेच्या एल गोराहून दक्षिणेला शर्म अल शेखजवळ गेलं.

टापटीप

तहात लिहिलंय त्यापेक्षा जास्त रणगाडा दिसला, मग नुसतं कळवायचं? काय उपयोग?

मळवाट

उपयोग असा की दोन्ही बाजूंना ठाऊक असतं की कोणीतरी मोजतंय. हे सोसायटीच्या फाटकावरच्या रखवालदारासारखं आहे. तो चोराला आडवा पडणार नाही, पण नोंदवही त्याच्याकडे आहे. दोन्ही सरकारांची मर्जी असेपर्यंत ही पद्धत उत्तम चालते. तिसराच कोणी बंदूक घेऊन आला की हीच पद्धत उघडी पडते. ते गोलानमध्ये दिसलं. नकाशेवाले आहेत का इथे?

नकाशेवाला

आलो.

अनडॉफ हे गोलानमधलं संयुक्त राष्ट्रांचं दल १९७४ च्या मे अखेरीस ठराव ३५० ने स्थापन झालं. सीरिया आणि इस्राएल यांच्यामध्ये ७५-८० किमी लांबीचा विलगीकरणपट्टा. मध्यभागी सुमारे १० किमी रुंद, दक्षिण टोकाला काहीशे मीटर. पश्चिमेकडची इस्राएली बाजूची रेषा 'अल्फा', पूर्वेकडची सीरियन 'ब्राव्हो'. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना १०, २० आणि २५ किमीपर्यंत फौजफाट्यावर मर्यादा. पहिल्या १० किमीत ६,००० सैनिक आणि ७५ रणगाडे, त्याहून जास्त नाही. दर पंधरवड्याला मोजणी.

आता ठाण्याची रचना बघा, सगळी गोम तिथेच आहे. हे चौक्यांचं जाळं दोन *शिस्तबद्ध सरकारी सैन्यांवर* नजर ठेवायला बांधलेलं. म्हणून ठाणं उंचवट्यावर, चारी दिशा दिसतील असं, पांढरं रंगवलेलं, लांबूनही ओळखू येईल असं. आत तीस-चाळीस माणसं, हातात रायफली आणि हलक्या मशीनगन, एक मनोरा, एक बंकर, भोवती दगडजाळ्यांची भिंत, आणि यायला-जायला बहुतेक वेळा एकच रस्ता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुरुंग, त्यामुळे गाडी उलटी वळवायची सोय नाही. पावसाने सुरुंग जागचे हलतात, म्हणून कालची पायवाट आज सुरक्षित धरायची नसते. बघण्यासाठी अशी जागा आदर्श, लढण्यासाठी सापळा.

जून २०१३ मध्ये कुनेइत्राच्या नाक्यावर चकमकी झाल्या आणि ऑस्ट्रियाने आपली सुमारे ३८० माणसं काढून घेतली. जपान आणि क्रोएशिया आधीच गेले होते. दल कोसळायच्या बेतात होतं. फिजीची पहिली माणसं त्याच महिनाअखेरीस पोचली. सुरक्षा परिषदेने त्याच सुमारास दलाची मर्यादा १,२५० पर्यंत वाढवून संरक्षणसामग्री वाढवायला सांगितलं. सांगणं झालं, माणसंही आली. जड सामग्री मात्र त्या वेगाने आली नाही.

ऑगस्ट २०१४ च्या अखेरीस अल-नुसरा आघाडी या सीरियातल्या जिहादी गटाने पट्ट्यात मुसंडी मारली. फिजीच्या ठाण्याला जड हत्यारं बसवलेल्या गाड्यांनी वेढा पडला आणि ४५ जण पकडले गेले. त्याच वेळी फिलिपिन्सची दोन ठाणी वेढली होती, त्यांनी शस्त्रं खाली ठेवायला नकार दिला. एका ठाण्यातल्यांना आयरिश चिलखती तुकडीने बाहेर काढलं, दुसऱ्यातले ४० जण रात्री अंधारात निसटले. दलाचे प्रमुख त्या वेळी आपले लेफ्टनंट जनरल इक्बालसिंग सिंघा होते. शरण जाण्याचा आदेश दिला गेला, असा फिलिपिन्सच्या सेनाप्रमुखांचा जाहीर आरोप होता. संयुक्त राष्ट्रांनी तो फेटाळला. ४५ फिजी सैनिक ११ सप्टेंबरला सगळेच्या सगळे सुखरूप सुटले.

आडवाटेचा_पंथ

पण मग फिलिपिन्स बरोबर आणि फिजी चूक, असंच ना?

नकाशेवाला

असं एका ओळीत नाही सांगता येत. फिलिपिनो ठाण्यांतल्यांना वेढ्यात काही तास मिळाले, शिवाय एकीकडे आयरिश गाड्या पोचू शकल्या. फिजीचं ठाणं अंतरावर, गाड्या नाहीत, गोळीबार सुरू केला असता तर ठाण्यात साठलेल्या दारूगोळ्यात किती वेळ निघाला असता हा साधा हिशेब. त्यांचे सेनाप्रमुख तिकोइतोगा यांनी अपहरणकर्त्यांच्या मागण्या उघड सांगितल्या होत्या : दहशतवादी यादीतून नाव काढा, मदत पोचवा, मेलेल्या तीन लढवय्यांची भरपाई द्या. ४५ माणसं गमावून ठाणं राखलं असतं तरी दुसऱ्या दिवशी ते सोडावंच लागलं असतं, कारण महिनाभरात अख्खं दल सीरियन बाजूचा बराचसा भाग सोडून अल्फा बाजूला आलं. सीरियन बाजूच्या फौआर तळावर परत जायला नोव्हेंबर २०१६ उजाडला.

माझं मत विचाराल तर चूक ठाण्यातल्या अधिकाऱ्याची नाही, जागेची आणि गाड्यांची. चिलखती गाड्या उशिरा आल्या : ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये १० बुशमास्टर दिल्या. खाली V आकाराचा तळ असलेली गाडी, सुरुंगाचा धक्का बाजूंना फेकणारी, चालकासह दहा माणसं बसणारी. तीन वर्षं आधी आल्या असत्या तर... असो.

पांढरा_ट्रक

बुशमास्टरवर एक अप्रिय टीप. भेट आलेली गाडीही करारात बसवावी लागते. तिच्या देखभालीला प्रशिक्षित मेकॅनिक, निदानयंत्र, टायर, चिलखती काच, सगळं हवं. देणाऱ्या देशाने सुट्या भागांची पहिली खेप दिली तर ठीक. पुढची खेप कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न भेटीच्या फोटोत दिसत नाही. जानेवारी २०१६ मध्ये रशियाकडून २० कंटेनर शस्त्रसामग्री आली. चीननेही वाहनं दिली. आता एका छोट्या फौजेच्या कोठारात ऑस्ट्रेलियन, रशियन आणि चिनी असे तीन प्रकारचे नट-बोल्ट. भांडाराच्या कारकुनाची दया येते.

हिशेबनीस

+१. दानाच्या गाईचे दात मोजत नाहीत म्हणतात, पण इथे चाऱ्याचं बिल मोजावंच लागतं.

खोचक_आजोबा

सगळं वाचलं. चांगलं चाललंय, पण खोलीतली मोठी पेटी कोणी उघडत नाही. लेबनॉनसाठी फौज फुगवली, त्या फुगलेल्या फौजेने घरी काय केलं?

१४ मे १९८७ : लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका यांनी संसदेत शिरून सरकार उलथवलं. हे गृहस्थ लेबनॉन आणि सिनाई दोन्हीकडे राहून आलेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरं बंड. २००० मध्ये नागरी बंड आणि नोव्हेंबरात सुवाच्या क्वीन एलिझाबेथ बराकीतच शिपायांचा उठाव. ५ डिसेंबर २००६ ला सेनाप्रमुख बैनिमारामा यांचा उठाव. शांतता राखायला परदेशी जाणारी फौज घरी चार वेळा अशांततेत. बाहेर कामगिरी असली की फौज मोठी ठेवायला कारण मिळतं, अधिकाऱ्यांना जगाचा अनुभव मिळतो आणि देशात कोणाही संस्थेपेक्षा फौज जास्त संघटित होते. मग पुढचं सांगायला लागत नाही. २०१३ च्या राज्यघटनेत तर कलम १३१ ने देशाच्या आणि सर्व फिजीवासीयांच्या सुरक्षिततेसोबत 'कल्याणा'चीही जबाबदारी फौजेवर लिहून ठेवली आहे.

संयुक्त राष्ट्रांनी काय केलं? २००६ नंतर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने दबाव आणला की फिजीला नवी कामं देऊ नका. इराकचा पहारा मात्र चालूच राहिला. २०१३ मध्ये गोलान रिकामं पडलं तेव्हा निवडणुका झालेल्या नसतानाही फिजीची माणसं घेतली. १७ सप्टेंबर २०१४ ला मतदान झालं, ओलीस सुटल्यानंतर सहाव्या दिवशी! गरज आपली आणि तत्त्व तुमचं, असा हा व्यवहार.

मळवाट

आजोबा, मुद्दा मान्य. पण कारण-परिणाम इतका सरळ नाही. १९८७ च्या मुळाशी फौजेच्या आकारापेक्षा इताउकेइ (मूळ फिजीवासी) आणि भारतीय वंशाच्या फिजीवासीयांमधला सत्तेचा प्रश्न होता. मोठी फौज हे हत्यार झालं, कारण नव्हे. शिवाय त्याच फौजेतून जिओजी कोनरोते निघाले. १९९७ ते १९९९ युनिफिलचे प्रमुख, पुढे २०१५ ते २०२१ राष्ट्राध्यक्ष.

खोचक_आजोबा

हत्यार घरात आणून ठेवायचं आणि मग म्हणायचं कारण दुसरंच होतं! बरं, तुमचंही खरं.

नदीकाठ

भारतीय वंशाचा विषय निघालाच आहे तर : १८७९ ते १९१६ मध्ये गिरमिटावर साठ हजारांच्या आसपास भारतीय फिजीला गेले. जहाजं कलकत्ता आणि मद्रासहून सुटत, मुंबईहून नाही, त्यामुळे आपल्याकडची माणसं त्यात शोधू नयेत. आज त्या वंशाचे लोक साधारण एक तृतीयांश, पण फौजेत त्यांचं प्रमाण नगण्य. म्हणजे शांतिसेनेचा पगार, परदेशभत्ता, घरी पाठवलेला पैसा बहुतांश इताउकेइ गावांत जातो. कोणत्या बेटावर पक्की घरं झाली हे बघितलं तर त्याची खूण दिसते. फिजीत याला कोणी 'योजना' म्हणत नाही, पण परिणाम योजनेसारखाच.

टापटीप

जाण्याआधी तयारी किती आणि कशी करतात? कोणाला माहीत आहे का?

खडूफळा

संयुक्त राष्ट्रांचा पूर्वप्रशिक्षणाचा समान अभ्यासक्रम आहे. तीन भाग : संघटनेची ओळख, कामगिरीतली कामं (नागरिकांचं रक्षण, मुलं, लैंगिक हिंसा), आणि प्रत्येक सैनिकाचं वैयक्तिक वागणं व सुरक्षितता. हे देशाने स्वतः शिकवायचं असतं, तुकडी पोचल्यावर तळावर फक्त स्थानिक भर. फिजीत यासाठी नादीजवळ ब्लॅक रॉक तळ आहे. ऑस्ट्रेलियाच्या पैशातून नव्याने बांधून २०२२ मध्ये सुरू झाला. त्यावर चीनचाही डोळा होता, हे वेगळं सांगायला नको.

प्रत्यक्षात सर्वांत जास्त वेळ नाक्याच्या कवायतीत जातो. गाडी येते : थांबवण्याची खूण, मग आवाज, मग शस्त्र दाखवणं, मग इशाऱ्याची गोळी, आणि अगदी शेवटी नेम धरून. बळाच्या वापराचे नियम खिशातल्या कार्डावर लिहिलेले असतात, पण नाक्यावर कार्ड काढायला वेळ नसतो. म्हणून ते पाठ होईपर्यंत गिरवतात. दुसरी कवायत बंकरात शिरण्याची : इशारा झाला की हातातलं टाकून बंकर, शिरगणती, रेडिओवर संख्या कळवणं. शिरगणती चुकली की कोणीतरी हरवलेल्याला शोधायला बाहेर जातो आणि तोच सापडतो गोळीला.

आणि थंडी! फिजीचा माणूस समुद्रसपाटीच्या उकाड्यातला. गोलानच्या उत्तरेला हर्मोन पर्वत, वर हिवाळ्यात बर्फ. साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं गोठतं, गाळणी तुंबते, जनरेटर बंद. हिवाळी डिझेल मागवून टाकी आधीच भरावी लागते. खोलीत गरम करायला शेगडी लावली तर धुराची नळी मोकळी आणि कार्बन मोनॉक्साइडची घंटा चालू हवी. बर्फाने नळी बुजली की झोपेतच माणसं जातात.

दूरचा_किनारा

काना राहिलं. लिहावंसं वाटत नव्हतं, पण लेबनॉन म्हटल्यावर टाळता येत नाही.

१८ एप्रिल १९९६. फिजी बटालियनचं मुख्यालय काना गावात. इस्राएलच्या मोहिमेपासून पळालेले सुमारे ८०० गावकरी त्या आवारात आसऱ्याला. दुपारी १५५ मिमीचे तोफगोळे पडले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीने आवारात किंवा थेट त्यावर फुटलेले १३ मोजले. काही गोळ्यांना जमिनीवर आपटण्याआधी हवेतच फुटणारे फ्यूज. शंभराहून जास्त नागरिक मेले, चार फिजी सैनिक जखमी. आवारापासून सव्वादोनशे मीटरच्या आसपास हिजबुल्लाचा उखळी मारा चालू होता, हे चौकशीतही आहे. इस्राएलने चूक म्हटलं. डच मेजर जनरल व्हान कापेन यांच्या अहवालाने नुसत्या तांत्रिक चुकीने असं होणं संभवत नाही म्हटलं.

व्यवहारातला प्रश्न असा : निर्वासितांना आत घ्यायचं की नाही? घेतलं तर तळ लक्ष्य होतो, नाही घेतलं तर फाटकाबाहेर मरतात. त्या बटालियनने घेतलं. नियमपुस्तकात यावर एका ओळीचं उत्तर नव्हतं.

नकाशेवाला

धन्यवाद, हे नोंदवायलाच हवं होतं.

ताजी स्थितीही लिहून ठेवतो. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियातली असद राजवट पडली आणि इस्राएली सैन्य विलगीकरणपट्ट्यात शिरलं. म्हणजे ज्या दोन सैन्यांवर नजर ठेवायची त्यांतलं एक राहिलं नाही आणि दुसरं पट्ट्याच्या आत. इराकची मोहीम बंद करायची मुदत सुरक्षा परिषदेने ३१ डिसेंबर २०२५ ठरवली होती. युनिफिलला ३१ डिसेंबर २०२६ ही शेवटची तारीख दिली आहे.

हिशेबनीस

त्यात ऑक्टोबर २०२५ ची घोषणा मिळवा : पैशांअभावी नऊ मोहिमांतले साधारण २५ टक्के शांतिसैनिक कमी करणार. शांतिमोहिमांच्या वर्गणीत अमेरिकेचा वाटा २६ टक्क्यांच्या आसपास, तिथून पैसा अडला की सगळं अडतं. भारतासारख्या देशाला ते सोसतं. आपले आजवर २ लाख ९० हजारांहून जास्त सैनिक जाऊन आलेत, पण खडी फौज त्यावर चालत नाही. सुवाच्या कचेरीत मात्र प्रश्न वेगळा असतो : दर पंधरवड्याला पगार द्यायचाच आहे, आणि भरपाईचं पत्र न्यूयॉर्कहून अजून आलेलं नाही.

पांढरा_ट्रक

आणि एक तुकडी परत बोलवायची म्हणजे गाड्या धुवून, मातीचा कणही न ठेवता, जैवसुरक्षेच्या तपासणीतून काढून जहाजात चढवायच्या. बेटांवरचे देश परकी माती-बियाण्याबाबत कडक असतात. गोलानची काळी बसाल्ट माती चाकांच्या खाचांत, चिलखताच्या सांध्यांत, सीटखाली बसलेली. उच्चदाबाच्या पंपाने एका गाडीचा अख्खा दिवस जातो. गाड्या परत नेण्याचा खर्च ठरवताना हा धुण्याचा दिवस धरायला लोक विसरतात. करार करतानाच विचारून घ्यावा.